पाच डोळ्यांचा भावोबा

फार पूर्वी, म्हणजे तुमच्या आजोबांच्या आजोबांना दुधाचे दात येत होते त्याच्याही आधी, घाटमाथ्यावर एक गाव होतं. गाव तसं शहाणं होतं. शहाणं म्हणजे, आपण शहाणे आहोत असं गावातल्या प्रत्येकाला वाटत होतं. अशी गावं आजही पुष्कळ आहेत. नावं कशाला घ्यायची, तुम्ही त्यातल्याच एखाद्यात राहत असाल.

या गावात ऊस पिकायचा, गुऱ्हाळं पेटायची आणि गूळ असा निघायचा की मुंगळेसुद्धा पोट भरल्यावर घरच्यांसाठी बांधून न्यायचे. पण गावात मीठ नव्हतं. मीठ घाटाखाली, समुद्राकाठच्या गावात. खोबरं तिथे, सुकी मासळी तिथे. तिथल्या बाजारात कवड्या चालायच्या आणि घाटावरच्या बाजारात लाखेचे लाल बिल्ले. एका बिल्ल्याला गुळाची एक ढेप. खाली बिल्ल्याने मीठ मिळायचं नाही आणि वर कवडीने गूळ मिळायचा नाही. मग बिल्ल्याच्या कवड्या आणि कवड्यांचे बिल्ले करून द्यायला कोणीतरी नको का?

त्यासाठी गावाची कोठी होती आणि कोठीच्या खिडकीत आक्का बसायची. नाकात तपकीर, कमरेला किल्ल्या. बिल्ले पाडायचा शिक्का तिच्याकडे. गावात गुळाच्या ढेपा जेवढ्या, बिल्ले तेवढेच पाडायचे, असा तिचा नेम. पाटलाच्या घरचं लग्न असलं तरी एक बिल्ला जास्त पाडायची नाही. म्हणून पाटलाच्या घरच्या लग्नात तिला जेवायला शेवटच्या पंगतीत बसवत. ती म्हणायची, "बरं झालं, शेवटी भाजी मुरलेली असते."

कोठीत एक भलामोठा रांजण होता, कवड्यांचा. खालचे लोक गूळ घ्यायला वर आले की खिडकीत कवड्या द्यायचे, बिल्ले घ्यायचे. त्या कवड्या रांजणात जायच्या. वरच्या लोकांना मीठ-मासळी आणायची असली की ते बिल्ले द्यायचे, कवड्या घ्यायचे. त्या कवड्या रांजणातून यायच्या. इकडून भर, तिकडून काढ. यात अवघड काही नाही. अवघड करून सांगणारे पुढे पुष्कळ जन्माला आले, तो भाग वेगळा.

रांजणाच्या आत, पोटाशी, आक्काने कोळशाने एक रेघ ओढली होती. तिला ती मिठाची रेघ म्हणायची. पावसाळ्यात घाट बंद पडायचा. ना माणूस वर, ना बैल खाली. म्हणून ज्येष्ठ लागला की गावाचे बैल खाली जायचे आणि पावसाळाभराचं मीठ एकदम घेऊन यायचे. तेवढ्या मिठाला जेवढ्या कवड्या लागतात, तेवढ्या रेघेच्या खाली. माणसाला मीठ नसलं तर जेवण बेचव होतं, पण गुरांना मीठ नसलं तर गुरं खंगतात. आणि बैल खंगले की पुढच्या वर्षी ऊस ओढायला पाटलाचा जावई तर येणार नाही. म्हणून आक्का रोज सकाळी रांजणात डोकावायची. रेघ दिसली नाही, म्हणजे कवड्या रेघेच्या वर आहेत, की मग तपकीर ओढायची.

कोठी एका हातातून दुसऱ्या हातात गेली की नव्या कोठीवालीला किल्ल्या मिळत, शिक्का मिळे, रांजण मिळे आणि चार काळे गुळगुळीत गोटे मिळत. गोटे कशासाठी, ते कोणालाच माहीत नव्हतं. आधीच्या कोठीवालीने दिले म्हणून पुढचीने घेतले. आक्काने त्यांचा चांगला उपयोग शोधून काढला होता. ती ते लोणच्याच्या बरणीत कैरीवर दाब म्हणून ठेवायची.

आता देवाची ओळख करून द्यायची राहिली. रागावला तर काय घ्या.

खिंडीच्या तोंडाशी, जिथून घाट उतरतो, तिथे एक पुरुषभर उंचीची शिळा होती. तिचं नाव भावोबा. पाटलाच्या आजोबांनी ती उभी केली होती, एवढंच लोकांना ठाऊक. कोणीतरी पहिलं फूल वाहिलं, दुसऱ्याने नारळ फोडला, तिसऱ्याने तेलात कालवून शेंदूर फासला. मग काय, दरवर्षी जत्रेला शेंदराचा नवा लेप. देव बाळसं धरत गेला. त्या लेपातून पाच टेंगळं वर आलेली दिसायची. गुरव सांगायचा, ते देवाचे पाच डोळे. पाच डोळे कशासाठी? तर एका बिल्ल्याला पाच कवड्या मिळाव्यात म्हणून. देव रात्रंदिवस डोळे उघडे ठेवून आपल्या बिल्ल्याचा भाव राखतो.

गावाला या पाचाचा केवढा अभिमान. मुलगी दाखवायला काढली की मुलीचा बाप आधी सांगणार, "आमचा बिल्ला पाच कवड्यांचा हं. पलीकडच्या डोंगरावर विचारून या, त्यांचा तीनचासुद्धा नाही." मुलीला स्वयंपाक येतो का, हे नंतर.

पाटलाचा अभिमान तर सगळ्यांत उंच. आजोबांचा देव ना तो. जत्रेत पाटील शेंदराचं पहिलं बोट लावायचा आणि म्हणायचा, "पाच होते, पाच आहेत, पाचच राहतील." लोक टाळ्या वाजवायचे. टाळ्यांना कवड्या पडत नाहीत, म्हणून त्या नेहमी मोठ्या पडतात.

आणि पाच खरेच होते एके काळी. घाटावर गूळ करणारं गाव हे एकच होतं, तेव्हा खालचे लोक ढेपेला हसत पाच कवड्या मोजायचे. पण मग पलीकडच्या डोंगरावर लोकांनी ऊस लावला. त्यांनीही गुऱ्हाळं घातली. त्यांचा गूळ जरा काळसर, पण तीन कवड्यांना ढेप. खालच्या कोळणी काही वेड्या नव्हत्या. त्या तिकडे जाऊ लागल्या.

झालं असं की खिडकीत कवड्या घेऊन येणारे थांबले आणि कवड्या घेऊन जाणारे वाढले. पाच कवड्यांत मीठ, मासळी, नारळ, सगळंच स्वस्त पडत होतं. ज्याच्या घरी कधी सुकट शिजली नव्हती त्याच्या घरी सुरमई आली. गाव खूश. मांजरं त्याहून खूश.

सगळ्यात खूश होता गावातला शेठ. त्याच्याकडे एक गाढव होतं, नाव पंडित. शेठने पाहिलं, खालच्या लोकांकडे मागच्या वर्षांचे बिल्ले पडून आहेत, गूळ घ्यायला म्हणून ठेवलेले. खालच्या बाजारात आता त्या बिल्ल्याला तीनच कवड्या मिळतात. आणि वर, देवाच्या कृपेने, पाच. मग शेठने खाली तीनला बिल्ला घ्यायचा आणि वर खिडकीत पाचला द्यायचा असा उद्योग मांडला. ऊस लावायला नको, गूळ शिजवायला नको. नुसतं घाट उतरायचं आणि चढायचं, तेही पंडिताने.

शेठ जाता येता भावोबाला नारळ फोडायचा. एवढा भाविक माणूस गावाने पाहिला नव्हता.

हळूहळू इतरांनाही तो मार्ग कळला. गुरव उतरायला लागला. पाटलाचा जावई, जो एरवी पाण्याचा तांब्या उचलायला माणूस बोलवायचा, तोही कमरेला पंचा बांधून घाट चढायला लागला.

आणि रांजणातल्या कवड्या खाली, खाली, खाली.

एका सकाळी आक्का रांजणात डोकावली आणि तिने तपकिरीची डबी तशीच बंद केली. कोळशाची रेघ दिसत होती. वरची कड तेवढी, नखाएवढी. पण दिसत होती. ज्येष्ठ तोंडावर आला होता.

आक्का पाटलाच्या वाड्यावर गेली. पाटील ओसरीवर सुपारी कातरत होता.

"पाटील, भाव खाली आणावा लागेल. खालच्या बाजारात बिल्ला तीनचा झालाय. आपण पाच देतोय. रांजण गळतोय."

पाटलाचा अडकित्ता थांबला. "देवाचे दोन डोळे फोडू म्हणतेस?"

"देवाचं मी काही बोलले नाही. मी रांजणाचं बोलतेय."

"आक्का, जत्रा आठ दिवसांवर आली. आजूबाजूच्या गावांचे पाटील येणार. त्यांच्यासमोर सांगू की आमचा बिल्ला तीनचा झाला? त्यापेक्षा मला नेसायला लुगडं दे आणि घाटाखाली सोडून ये."

"लुगडं देते. पण मीठ आणायला काय देऊ?"

पाटील जरा पुढे सरकला. आवाज उतरवला. पाटील आवाज उतरवतो तेव्हा ऐकणाऱ्याने सावध व्हावं, एवढं आक्काला कळत होतं.

"असं कर. रांजणात खाली कोळसा भर. वर दोन पसे कवड्या पसर. जो डोकावेल त्याला रांजण भरलेला दिसेल. लोकांना भरलेला दिसला की ते काढायला येत नाहीत. माणसाचा स्वभावच आहे तो. जत्रा पार पडली की मग बघू."

खरं सांगायचं तर पाटील अगदीच चुकीचं बोलत नव्हता. लोकांना रांजण भरलेला आहे असं वाटलं की ते शांत बसतात. आक्कालाही ते पटलं. ती घरी आली, तिने कोळशाचं पोतं रांजणाशी आणून ठेवलं, पोत्याचं तोंडही सोडलं. मग रांजणाकडे बघत बराच वेळ बसली. शेवटी पोत्याला म्हणाली, "तुला आत घालणं सोपं आहे रे बाबा. पण ज्या दिवशी कवड्या काढायचं मापटं तुझ्यावर आपटेल त्या दिवशी खऱ्या कवड्यासुद्धा लोकांना कोळसा वाटतील." आणि तिने पोत्याचं तोंड बांधून टाकलं.

पण काही करायच्या आधीच गोष्ट हातातून गेली. बाजाराच्या दिवशी खिडकीशी रांग लागली. आक्काने मापटं रांजणात घातलं आणि आतून आवाज आला, खर्रर्र. मापटं रांजणाच्या पोटाला घासलं होतं. कवड्यांनी भरलेल्या रांजणातून असा आवाज येत नाही.

रांगेतल्या पहिल्या बाईने दुसरीकडे पाहिलं. दुसरीने तिसरीकडे. तिसरी आपली जागा सोडून गावात पळाली, कारण बातमी सांगायची सोडून मीठ घेत बसणारी बाई अजून जन्माला यायची होती. बाप्यांनी हसू नये. पारावर तीच बातमी बाप्यांनी निम्म्या वेळात पोचवली.

खिडकीपाशी "मापटं खरवडलं" होतं. विहिरीवर "रांजणाला तडा गेला" झालं. पारावर "रांजण फुटला". वेशीपर्यंत पोचता पोचता "आक्का कवड्या घेऊन पळाली".

वेशीवरचा एक म्हातारा धापा टाकत खिडकीशी आला. आक्का भाकरी खात होती.

"आक्का पळाली म्हणे," तो म्हणाला.

"हो का? कुठे गेली?"

"खाली. समुद्राकडे."

"एकटीच?"

"शेठच्या गाढवावर बसून म्हणतात." मग त्याला आपण कोणाशी बोलतोय ते उमगलं. पण बिल्ले घेऊन आलोच आहोत तर रांगेत उभं राहावं, असा विचार करून तो रांगेत उभा राहिला. बातमी खोटी निघाली म्हणून भीती खोटी निघत नाही.

बघता बघता सगळं गाव खिडकीशी. ज्याच्याकडे दोन बिल्ले तोही, ज्याच्याकडे पोतंभर तोही. ज्याला मीठ नको होतं त्यालाही आता कवड्याच हव्या होत्या. मागे शेठ उभा, पंडिताच्या पाठीवर बिल्ल्यांची भरलेली गोणी. सगळ्यांच्या पाठीमागून पाटील आला. त्याने डोळ्यांनीच आक्काला विचारलं, कोळसा भरलास ना?

आक्काने खिडकी लावून घेतली. गर्दीतून एक मोठा हुंकार उठला. मग कोठीचा दरवाजा उघडला.

"चार जण आत या," आक्का म्हणाली. "दणकट या. जावईबापू, तुम्ही राहू द्या."

चार जणांनी रांजण उचलून बाहेर आणला आणि भर चौकात, पाराच्या खाली ठेवला. आक्काने झाकण काढलं.

"या. एकेक करून डोकवा. ढकलू नका, रांजण कुठे पळत नाही. मीही पळाले नाही, ते वेशीवरच्या आजोबांना सांगा."

लोक डोकावले. पाटलाने डोळे मिटून घेतले.

"आत रेघ दिसते ती मिठाची," आक्का म्हणाली. "तिच्या खालच्या कवड्या पावसाळ्यातल्या मिठाच्या. प्रत्येक घराच्या, प्रत्येक बैलाच्या. त्यांना मी हात लावणार नाही, पाटील लावणार नाहीत, शेठ तर नाहीच नाही. त्या आहेत, मोजून आहेत. मीठ येणार. वर मात्र आता काहीच उरलं नाही, कारण आपण तीनाची वस्तू पाचाला घेत बसलो. म्हणून आजपासून बिल्ल्याला तीन कवड्या. खाली मिळतात तेवढ्याच."

"पण वर काही उरलंच नाही, तर ते तीन तरी कुठून देणार?" एका बाईने विचारलं. गर्दीत एखादी तरी अशी असते, तिच्यामुळेच गावं टिकतात.

"आज नाही देता येणार. खोटं सांगत नाही. पण तीनला बिल्ला झाला की आपली ढेपही तीन कवड्यांना पडेल. पलीकडच्या काळ्या गुळाएवढीच. मग खालच्या कोळणी कुठे येतील?"

बाईने डोकं हलवलं. काही लोक बोटं मोजायला लागले. पण पाटलाला आता गप्प बसवेना.

"मिठाचं कळलं. देवाचं काय? भावोबाला पाच डोळे आहेत, तीन नाहीत. देवाने ठरवलेला भाव ही आक्का बदलणार?"

हे मात्र सगळ्यांना पटलं. मिठाचा हिशेब अर्ध्यांना कळला होता, देवाचा राग सगळ्यांना कळत होता. गुरव म्हणाला, "देव तापलाय. त्याला थंड करायला हवं." झालं. सगळं गाव घागरी घेऊन खिंडीकडे निघालं. आक्काही गेली. आता हिलाच देवापुढे उभी करणार, असं लोक आपसात बोलत होते, आणि तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

भर दुपार, वैशाखाचं ऊन. शिळा अशी तापली होती की पंडिताने सवयीने पाठ घासायला अंग टेकवलं आणि लगेच काढून घेतलं. पाटलाने पहिली घागर उचलली. विहिरीचं गार पाणी. "देवा, शांत हो," म्हणून त्याने ती तापलेल्या देवावर ओतली.

चर्रर्र असा आवाज आला.

दुसरी घागर जावयाने ओतली. बाकीच्यांनी धडाधड ओतल्या. आणि देवाच्या कपाळापासून पायापर्यंत एक तडा गेला. वर्षानुवर्षांचा शेंदूर, भाकरीहून जाड, आधी इंचभर सुटला, मग अख्खा भावोबाचा अंगरखा निसटावा तसा खाली आला. धप्प.

गुरव खाली बसला आणि पोर गेल्यासारखा रडायला लागला. पाटलाच्या हातात रिकामी घागर तशीच.

शेंदराखाली साधी काळी शिळा होती. तिच्या अंगावर नऊ खळगे कोरलेले होते, एकाखाली एक, वाटीएवढे. वरच्या पाच खळग्यांत पाच काळे गुळगुळीत गोटे बसवलेले होते. खालचे चार खळगे रिकामे. शेंदराने बुजून गेले होते इतकी वर्षं, म्हणून कोणाला दिसले नव्हते.

आक्का पुढे झाली. तिने एका गोट्यावर बोट फिरवलं. मग वळून शेजारणीला म्हणाली, "माझ्या घरी जा. फडताळात लोणच्याची बरणी आहे. त्यातले चार गोटे घेऊन ये. कैरी खाऊ नकोस, अजून मुरली नाही."

शेजारीण गेली आणि आली. तोंड पुसत आली, म्हणजे कैरी मुरली होती. चार गोटे आक्काने पदराला पुसले आणि एकेक करून रिकाम्या खळग्यांत ठेवले. चारही बरोब्बर बसले. जणू माहेरी आले.

मग तिने ते चारही काढले. वरचे दोन गोटे हलवून पाहिले. शेंदराने धरून ठेवले होते, तेवढंच. जरा खटपट केल्यावर तेही निघाले. शिळेवर तीन गोटे राहिले.

"पाटील," आक्का म्हणाली, "तुमच्या आजोबांनी देव नव्हता उभा केला. भाव सांगायची शिळा उभी केली होती. घाट उतरणाऱ्याला लांबूनच कळावं, आज बिल्ल्याला किती कवड्या. बाजाराच्या दिवशी गोटे घालायचे, काढायचे. एकदा पाच गोटे होते, नेमका तेव्हाच कोणीतरी शेंदूर फासला. मग गोटे अडकले आणि त्यांच्याबरोबर आपणही."

पाटील शिळेकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते सांगत नाही, माणसाची थोडी तरी अब्रू राखावी. पण पाटील म्हणजे पाटील. त्याने घागर खाली ठेवली, घसा साफ केला आणि म्हणाला, "आमचे आजोबा दूरदृष्टीचे होतेच. मी लहानपणापासून सांगत आलोय."

लोक हसले. आणि गंमत अशी की हसता हसताच त्यांची भीती उतरली.

गुरव मात्र अजून रडत होता. "माझा देव गेला."

आक्का त्याच्याजवळ बसली. "गेला नाही रे. इतकी वर्षं पाच डोळे ताणून बसला होता. तुला रात्रभर डोळे उघडे ठेवायला लावले तर? आता तो डोळे मिटेल, उघडेल. बाजाराच्या दिवशी मी सांगेन तितके गोटे तू घालायचेस. सगळ्यांसमोर. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही."

"आणि नारळ?"

"लोक फोडणारच. त्यांना कोण थांबवणार?"

गुरवाने डोळे पुसले. नारळाचा प्रश्न मिटला की अर्ध्याहून जास्त धर्मसंकटं मिटतात.

शेठ गोणीशेजारी उभा होता. तीनला घेतलेले बिल्ले, तीनलाच द्यायचे. "आक्का, अगं मी घाट चढून आलो. माझ्या चढण्याचं काय?"

"चढला पंडित," आक्का म्हणाली. "त्याला गूळ घाल. आणि त्या बिल्ल्यांच्या ढेपा घे, खाली घेऊन जा. आता खालच्यांना परवडतील. रिकामा उतरण्यापेक्षा भरलेला उतर."

त्या वर्षी पावसाळा तसा सोपा गेला नाही, हे लपवून काय उपयोग. मीठ आलं, रेघेखालच्या कवड्यांचं, पुरेपूर आलं. बैल धडधाकट राहिले. पण सुरमई गेली आणि सुकट परत आली. खोबऱ्याची वाटणं पातळ झाली. बायका नवऱ्यांना म्हणायच्या, "खा मुकाट्याने, तीन गोट्यांची आमटी आहे." मांजरं तर आक्काच्या दारावरून जाईनात.

पण पाऊस सरला, घाट मोकळा झाला आणि पहिल्याच बाजाराला खालून कोळणी आल्या. आधी दोघी, चव बघायला. मग दहा. मग त्यांच्या टोपल्यांनी खिंड भरली. काळसर गुळाला कंटाळल्या होत्या बिचाऱ्या. खिडकीत कवड्या पडायला लागल्या आणि आक्काचं मापटं रांजणात जाताना पुन्हा खळखळायला लागलं. खरवडण्याचा आवाज गेला. रेघ बुडाली. जास्त ऊस लागला, बंद गुऱ्हाळं पेटली आणि जावईबापूंना गुऱ्हाळावर काम मिळालं. ते चांगलं काम करतात असं कोणी म्हणत नाही, पण करतात. शेठ पंडितावरून गूळ खाली नेतो आणि मीठ वर आणतो. पूर्वीपेक्षा कमी मिळतं, पण आता त्याला झोप लागते. पंडिताला आधीही लागायची.

पुढच्या वर्षीच्या जत्रेला आजूबाजूच्या गावांचे पाटील आले. आपल्या पाटलाला राहवेना. पाहुण्यांनी फुगडीकडे तोंड केलेलं बघून त्याने दोन गोटे उचलले आणि हळूच खळग्यांत बसवले. गर्दीतून एकदम चार-पाच आवाज आले, "पाटील, गोटे." आक्काने बघायच्या आधीच लोकांनी बघितलं होतं. पाटलाने गोटे काढले, धोतराला पुसले आणि म्हणाला, "धूळ बसली होती."

त्याच दिवशी आक्काने रांजणात डोकावून, खालच्या बाजारातला भाव विचारून, सगळ्यांसमोर गुरवाला एक गोटा दिला. चौथा. गूळ खालच्या लोकांना इतका आवडला होता की आता ते ढेपेला चार कवड्या आपणहून देत होते. गुरवाने गोटा बसवला. कोणी शेंदूर आणला होता, त्याला चार बायकांनी मिळून घरी पाठवलं.

पाहुणे पाटील विचारत होते, "तुमचा देव डोळे उघडझाप करतो म्हणे?"

"करतो," आपला पाटील छाती काढून म्हणाला. "जागा आहे तो. तुमचा?"

तात्पर्य: जे बाजारात रोज हलतं त्याला शेंदूर फासून देव करू नका. आणि रांजण अशाच्या हाती द्या, जो तो भरलेला असताना रेघ ओढून ठेवतो आणि रिकामा होत आला की झाकण काढून चौकात ठेवतो. मग चार दिवस आमटी पातळ खावी लागली तरी गावाचं मीठ जात नाही.